तयार कुरणमिश्रणाच्या पिशवीत टाकळ्याचे बी

पुण्यातील एका कृषी प्रदर्शनातून गेल्या उन्हाळ्यात मी ‘सुधारित कुरणमिश्रण’ या नावाचे बियाणे घेतले. पुरंदर तालुक्यातील आमच्या मुरमाड माळावर शेळ्यामेंढ्यांसाठी अंजन गवत आणि स्टायलो एकत्र लावायचे होते. दिवाळीनंतर गवत वाळू लागले की त्यातील प्रथिने झपाट्याने उतरतात आणि ती साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की जनावर पोटभर खात नाही; गवतात स्टायलोसारखा शेंगवर्गीय चारा असला तर ही तूट बरीचशी भरून निघते, शिवाय त्याच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीला मिळवून देतात. विक्रेत्याने हे सारे बिनचूक सांगितले. त्याचा अभ्यास खराच होता, हे मान्य करावे लागेल.

पावसानंतर पेरणीच्या ओळींत मात्र टाकळा उगवला आणि गवत म्हणून मेंढ्यांच्या लोकरीत रुतणारी कुसळी आली. फोन केल्यावर विक्रेता म्हणाला, “स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते आणि अंजनाचे ताजे बी काही महिने उगवत नाही, थोडी वाट पाहा.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, स्टायलोचे बी पेरणीपूर्वी काही मिनिटे गरम पाण्यात बुडवतात ते त्यासाठीच, पण न उगवलेल्या बियाण्याचा हा खुलासा जे उगवले त्याला लागू पडत नव्हता. टाकळ्याविषयी विचारले तेव्हा उत्तर आले, “साहेब, तोही शेंगवर्गीयच आहे.” कुळाने आहेच, मात्र त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत आणि हिरवा टाकळा शेळ्याही टाळतात. त्यानंतर फोन उचलला गेला नाही.

उरलेले बी पांढऱ्या कागदावर पसरल्यावर प्रकार उघड झाला. स्टायलोचे बी तिळाहून बारीक असते. येथे टाकळ्याचे चकचकीत, तपकिरी, चांगले मोठे दाणे होते आणि बाकी बहुतेक पोकळ तूस होते. अंजनाचे बी मुळातच हलके व केसाळ असल्यामुळे त्यात तूस सहज खपते, आणि मिश्रण म्हटले की कशाचे प्रमाण किती हे विचारायची सोय राहत नाही. पिशवीवर लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख यांपैकी काहीही नव्हते. प्रमाणित बियाण्याला निळी आणि ट्रुथफुल, म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या हमीवर विकलेल्या, बियाण्याला हिरवी खूणचिठ्ठी असते. येथे फक्त हिरव्यागार कुरणाचे छायाचित्र होते.

म्हणून गवताचे आणि शेंगवर्गीय चाऱ्याचे बी वेगवेगळ्या, खूणचिठ्ठी असलेल्या पिशव्यांत घ्यावे आणि पेरतेवेळी स्वतः मिसळावे. पक्की पावती, रिकामी पिशवी व मूठभर बी जपून ठेवावे. तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. तो झाला की टाकळा शेंगा धरण्यापूर्वी उपटून टाकावा, नाहीतर पुढच्या पावसात तो दुप्पट उगवतो.