ऑइल हीटर, धुळ्याचा हिवाळा आणि दीड मीटरची वायर

नोव्हेंबरात घेतला, आता मार्च लागला, म्हणून पूर्ण हिवाळा धरून लिहितोय. ९ फिनचा (फिन म्हणजे तेल भरलेल्या उभ्या पट्ट्या), २००० वॅटचा. बाकीचं खोक्यावर छापलेलं असतंच.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पंखा पाचावरून दोनवर. धुळ्याला बदली झाली तेव्हा जो तो उन्हाळ्याची भीती घालत होता. हिवाळ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. इथे समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेलं सगळं रात्री निवून जातं. दुपारी घाम आणि पहाटे कृषी महाविद्यालयात ६-७ अंशांची नोंद. त्यात आमचं घर वरच्या मजल्यावर. खोबरेल तेलाच्या बाटलीत काडी घालून तेल उकरायची वेळ आली, त्या दिवशी हीटर मागवला.

पहिल्याच दिवशी दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. दहा मिनिटं झाली तरी खोली गारच. चूक माझी. यात आधी तेल तापतं, मग फिन, मग हवा. अर्धा तास धरून चालायचं. पण बंद केल्यावरही ऊब बराच वेळ टिकते आणि रॉड हीटरसारखा लाल कांडीचा उजेड डोळ्यांवर येत नाही. चार तारे केले.

आता वायर. दीड मीटर! बेडरूममध्ये १६ अँपियरचा पॉइंट एकच, तोही एसीसाठी, सात फूट उंचीवर. हीटर जमिनीवर ठेवला तर प्लग पोचत नाही आणि स्टुलावर ठेवायला पुस्तिकेत मनाई. मी साध्या एक्स्टेंशन बोर्डाला मोठा प्लग बसवणारा कन्व्हर्टर लावून भागवलं. तिसऱ्या रात्री जळका वास आला, पाहतो तर बोर्डाचं भोक तपकिरी. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपियर, बोर्ड ६चा. दोष कोणाचा ते कळतं. तरी कस्टमर केअरला फोन केलाच. लांब वायर मिळणार नाही, एक्स्टेंशन वापरलंत तर वॉरंटी जाईल, दुसरी बसवलीत तरी जाईल. मग हीटर भिंतीला टांगायचा का, विचारलं. बाईंनी तक्रार क्रमांक दिला. शेवटी वायरमनने खाली नवीन पॉइंट काढला, ६५० रुपये. एक तारा इथे कापला तो कापलाच.

वडील दर फोनला विचारतात, "तेल किती पितो?" पीत नाही, ते आत सीलबंद असतं. शेजारच्या आजी पाहायला आल्या, "हाई काय शे, भाऊ?" फिनांपुढे हात धरून पाच मिनिटं बसल्या, काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी नातवाबरोबर गोधडी पाठवली.

त्या गोधडीने बिल वाचवलं, खरं तर. डिसेंबरात १२०० वॅटवर रोज अडीच तास, म्हणजे ३ युनिट; खोली तापली की थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडतो ते वजा करा. तरी १०० युनिटांत बसणारं आमचं घर पुढच्या स्लॅबमध्ये गेलं. जानेवारीपासून झोपण्याआधी पाऊण तास हीटर, मग गोधडी. खोबरेल तेलाची बाटली मात्र रोज हीटरशेजारी, हातभर अंतरावर.

तर तीन तारे. हीटर परवा माळ्यावर गेला. नव्या पॉइंटला आता कूलर लागेल. कूलरला १६ अँपियर लागत नाहीत, ठाऊक आहे. ६५० रुपये दिलेत.