कोऱ्या क्लेम फॉर्मवर केलेली सही

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून तो स्वमग्न आहे. आम्ही घणसोलीला राहतो. स्वमग्नता आणि तत्सम अपंगत्व असलेल्यांसाठीच्या सरकारी ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत त्याच्या नावावर असलेली थेरपीची रक्कम, त्याने कधी न घेतलेल्या सत्रांच्या बिलांवर कशी संपवण्यात आली, हे मी येथे लिहीत आहे. ज्या गृहस्थांनी हे केले ते ठाणे आणि नवी मुंबईतल्या पालकांमध्ये आजही ‘सर’ म्हणून ओळखले जातात आणि माझ्यासारख्याच आणखी काही पालकांच्या फाइली त्यांच्याकडे आहेत.

हे सर आम्हाला ठाण्यातल्या एका थेरपी केंद्राच्या बाहेरच्या बाकावर भेटले. त्या बाकावर पाऊण तास बसून असलेल्या आईबापांना कागदपत्रांचा किती कंटाळा आलेला असतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र), निरामयची नोंदणी, नंतरचे सगळे क्लेम, असे सारे काम मी पाहतो, तुम्ही फक्त मुलाकडे बघा, असे ते म्हणाले आणि साडेतीन हजार रुपये घेतले. यूडीआयडीच्या अर्जाला एक पैसाही लागत नाही आणि दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला निरामयचे नोंदणी शुल्क ५०० रुपये आहे, हे मला फार उशिरा कळले. मात्र ते तीन हजार गेल्याचे मला फारसे दुःख नाही. दलाली समजून मी ते सोडून दिले असते.

खरी फसवणूक पुढे आहे. निरामयमध्ये वर्षाला एकूण १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, पण नियमित थेरपीसाठी त्यातच वेगळी मर्यादा असते. आधी खर्च करून मग बिले पाठवायची, आणि मंजूर रक्कम आपल्या खात्यावर जमा होते. सरांनी सुचवले की तुम्ही आधी पैसे भरू नका, केंद्र उधारीवर सत्रे देईल, क्लेम आला की रक्कम वळती करा. दरमहा खिशातून पैसे काढणाऱ्या माणसाला हे ऐकून किती हायसे वाटते, ते पालकांना वेगळे सांगायला नको. त्याच संध्याकाळी मी पाच कोऱ्या क्लेम फॉर्मवर सह्या केल्या आणि रद्द केलेला धनादेश दिला. नोंदणीत मोबाइल क्रमांक मात्र त्यांनी स्वतःचा घातला, ‘ओटीपीसाठी तुम्हाला सारखा त्रास नको’ म्हणून. म्हणजे कोणत्या तारखांचा, किती रकमेचा क्लेम गेला, याचा एकही संदेश आमच्यापर्यंत येणार नव्हता. महापे येथील कंपनीत दिवसभर इतरांची बिले तपासणे हेच माझे काम आहे, हेही सांगून टाकतो.

दोन वेळा रक्कम जमा झाली आणि दोन्ही वेळा मी ती सरांनी सांगितलेल्या खात्यावर पाठवली. खाते केंद्राच्या नावावर नव्हते, कोण्या बाईंच्या नावावर होते. ‘मॅडमचं आहे’ एवढ्या उत्तरावर माझे समाधान झाले. पुढे मुलाला घराजवळच्या थेरपिस्टकडे नेऊ लागलो आणि त्यांची बिले पाठवली, तेव्हा थेरपीची मर्यादा संपल्याचे कारण देऊन क्लेम नाकारण्यात आला. मी जुन्या क्लेमच्या प्रती मागवल्या.

माझी पत्नी प्रत्येक सत्रानंतर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने खूण करते. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मिळून तिथे नऊ खुणा होत्या. बिलांवर चोवीस सत्रे होती. त्यांत ९, १० आणि ११ सप्टेंबरला ऑक्युपेशनल थेरपी दाखवली होती. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आली होती आणि गौरी विसर्जन होईपर्यंत आम्ही संगमेश्वरजवळ आमच्या गावी होतो. ११ तारखेला, गौरीपूजनाच्या दिवशी, मुलगा ओटीवर झांजांच्या आवाजाला कान झाकून बसल्याचा फोटो पत्नीच्या मोबाइलमध्ये आहे. बिलाखाली पालकाची म्हणून सही माझीच होती. क्लेम फॉर्मच्या गठ्ठ्यात कोरी बिलेही होती आणि मी ती न पाहता सही करत गेलो होतो.

जाब विचारला तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “सही तुमची, खातं तुमचं, पैसे तुम्हीच पाठवलेत. तक्रार केलीत तर आधी तुम्हालाच विचारतील.” या वाक्यामुळे मी तीन आठवडे गप्प राहिलो. मी गप्प राहावे यासाठीच सही आणि खाते दोन्ही माझे वापरले होते, हे माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ गेला. केंद्राने ते आमचे कर्मचारीच नाहीत असे कळवले, आणि तसा कागद खरोखरच कुठे नव्हता.

अखेर मी कॅलेंडरच्या पानांचे फोटो, रेल्वेची तिकिटे आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडून, माझ्या सह्यांची कबुली देऊन पोलिसांत लेखी तक्रार दिली आणि त्याची प्रत निरामय योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय न्यासाला पाठवली. नोंदणीतला मोबाइल क्रमांक बदलून घेतला. ज्यांची नोंदणी दुसऱ्या कोणी केली आहे, त्यांनी आपल्या पाल्याच्या नावापुढे कोणाचा क्रमांक आहे हे आजच पाहावे, आणि गेलेल्या प्रत्येक क्लेमची प्रत मागवून तारखा ताडून घ्याव्यात. बाकावरच्या दोन कुटुंबांनी तसे केले. एकाच्या बिलात मुलगी रुग्णालयात दाखल असतानाची सत्रे निघाली, आणि त्यांनीही तक्रार दिली आहे.

पॉलिसीचे ते वर्ष संपेपर्यंत आठवड्याच्या दोन सत्रांऐवजी आम्हाला एकच परवडत होते. कॅलेंडरवरच्या खुणा आता मी करतो, आणि शेजारी थेरपिस्टची सही घेतलेली वही ठेवतो.