सोसायटीच्या बोटीला एनजीके कंपनीचा बीआर८एचएस-१० स्पार्क प्लग: पावसाळाभर वापरल्यावर

प्लगच्या डोक्यावर तो छोटा नट असतो ना, ज्याच्यावर वायरची कॅप बसते, तो आधी हाताने फिरवून बघा. फिरला तर पक्कडीने आवळा, आणि आवळूनही डुगडुगत असेल तर तो प्लग इंजिनात लावूच नका, मग कितीही स्वस्तात मिळालेला असो. माझं निम्मं म्हणणं एवढंच आहे, बाकी ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

आमची सोसायटी बडोद्यात विश्वामित्रीला लागून. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी २६ फुटांची धोक्याची पातळी सोडून ३५ च्याही वर गेली तेव्हा इथं काय झालं ते बडोदेकरांना सांगायला नको, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, ज्येष्ठ मंडळी वरच्या मजल्यांवर अडकली, आणि या नदीत मगरी आहेत त्यामुळे कंबरभर पाण्यातही कोणी उतरायला तयार नाही. नंतरच्या मीटिंगमध्ये बोट घ्यायचं ठरलं. फायबरची बोट आणि सेकंडहँड जपानी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), दोन सिलिंडर, चाळीस एचपी. कमी एचपीचं चाललं असतं असं काहीजण म्हणाले पण माणसं भरून प्रवाहाच्या उलट जायचं तर ताकद लागते, त्यावर मी अडून बसलो.

मॅन्युअलमध्ये प्लग स्पष्ट लिहिलाय, बीआर८एचएस-१०. शहरातल्या एका दुकानात गेलो तर त्याने मधला आर नसलेला आणि शेवटचा दहाही नसलेला काढून दिला, म्हणाला "बधुं सरखुं ज छे, साहेब." त्या दिवशी दुसरीकडे कुठं मिळेना म्हणून घेतला. सरखुं अजिबात नाहीये. एनजीकेच्या नंबरात बी म्हणजे १४ मिलिमीटर आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ म्हणजे हीट रेंज (प्लग किती गरम राहतो त्याचा आकडा), एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर, आणि शेवटचे १० म्हणजे एक मिलिमीटर गॅप, म्हणजे स्पार्क उडतो ती फट. आर नसला तर स्पार्कचा इलेक्ट्रिकल गोंगाट वाढतो आणि सीडीआय इग्निशनच्या (कपॅसिटरमधून स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेच्या) इंजिनात कंपनीने आर मागितला असेल तर तो उगाच मागितलेला नसतो.

सिंधरोटला महीच्या पात्रात ट्रायल घेतली. सुरू लगेच, आयडल छान, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत मस्त, आणि पाऊण थ्रॉटलच्या पुढे गेलं की एक सिलिंडर गप्प. मेकॅनिक भरूचकडचा, मच्छीमारांची इंजिनं करणारा, हाताला चांगला. त्याने कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, पैसे घेतले, फरक शून्य. मग पेट्रोलवर संशय, हल्ली ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकी रिकामी करून ताजं भरलं, तरी तेच. प्लग काढून बघितले तर टोकाचा रंग तपकिरी, म्हणजे एकदम शहाण्यासारखा, म्हणून प्लगवर कोणी बोट ठेवेना.

संध्याकाळी अंधार पडताना कव्हर काढून इंजिन चालू होतं तेव्हा खालच्या सिलिंडरच्या कॅपमधून टिकटिक ऐकू आली आणि रबराच्या कडेला निळसर चमक दिसली. इंजिन बंद करून कॅप काढली. तो नट बोटाच्या टोकाने फिरत होता. उलगडून काढला तर आतले आटे काळे, त्यावर काजळीसारखी बारीक पूड, आणि एका बाजूला आटा खाल्ल्यासारखा झालेला. म्हणजे करंट नटापासून खाली उतरताना तिथंच उडी मारत होता. गॅप एक हवी तिथं दोन झाल्या. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त तितका स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून आयडलला सगळं ठीक आणि लोडवर बंद. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्पार्क पडतो, ५,००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ५,००० वेळा प्रत्येक प्लगवर, वर बोटीचे हादरे. ढिला नट तिथं किती टिकणार? आणि हेच पुराच्या पाण्यात आठ माणसं बसलेली असताना झालं असतं तर, हा विचार मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

दुकानदाराकडे गेलो. "इलेक्ट्रिकल आयटम रिटर्न नहीं होता." मी नट त्याच्या काउंटरवर ठेवला, काळे झालेले आटे दाखवले, बिल दाखवलं. बिलावर नंबरच लिहिलेला नव्हता, नुसतं 'प्लग'. प्लग डुप्लिकेट होते असा माझा संशय आहे, पण सिद्ध करता येत नाही. एक पैसा परत मिळाला नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सचा पैसा आहे हा, त्यात पेन्शनवर जगणारे लोक आहेत, म्हणून राग जास्त.

मग अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून पक्क्या बिलावर बीआर८एचएस-१० मागवले. नट फॅक्टरीतूनच घट्ट, तरी मी पक्कडीने तपासला. पाऊण थ्रॉटलचा त्रास त्याच दिवशी संपला. इथपर्यंत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पण पावसाळ्यात आम्ही गल्लीतून चालवायचा सराव केला, म्हणजे सगळं अगदी हळू, आणि त्यानंतर प्लग काढले तर काळे आणि ओले. मेकॅनिक म्हणाला नंबर उतरवा, ७ लावा. एनजीकेत नंबर कमी म्हणजे प्लग जास्त गरम राहतो (चॅम्पियन कंपनीच्या प्लगमध्ये बरोबर उलटं आहे, नंबर जुळवून घेणाऱ्यांनी सांभाळा). टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी स्वतःच जळून जाते, आणि ८०० च्या पुढे गेलं तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. एका नंबरचा फरक म्हणजे टोकाशी ७० ते १०० अंश. मला गल्लीतला त्रास परवडतो, भरल्या बोटीत फुल थ्रॉटलला पिस्टन जाणं परवडत नाही. म्हणून ८ च ठेवला.

आणि खरं कारण निघालं ऑइल. मेकॅनिकने पेट्रोलमध्ये बाईकचं टू-टी (टू-स्ट्रोक बाईकचं ऑइल) घातलं होतं. आउटबोर्ड नदीच्या पाण्याने थंड होतं, त्याला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं ऑइल लागतं, त्यात राख करणारे घटक नसतात. ते बदललं, आणि हळू चालवताना मध्येमध्ये थोडा वेळ रेस करायची सवय लावली, आता टोक पुन्हा तपकिरी. आधी मी प्लगचा एक गुण कापला होता तो परत देतोय.

सेक्रेटरीकाकांना इरिडियम धातूच्या टोकाचा महाग प्लग हवा होता. इरिडियमला व्होल्टेज कमी लागतो, टिकतो जास्त, मान्य. पण ऑइलने ओला झाला की तोही बंदच पडतो, आणि त्या पैशात साध्या प्लगचे जादा सेट येतात. बोटीत डब्यात एक सेट, पाना आणि पक्कड, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

लावताना: इंजिन थंड असू द्या, हेड अल्युमिनियमचं आहे. पेट्रोलच्या पाइपचा तुकडा प्लगच्या डोक्यावर घालून त्याने आटे बसवा, वाकडे जायला लागले की पाइप आपोआप घसरतो, पाना नाही घसरत. वॉशर टेकेपर्यंत हाताने, मग नवीन प्लगला पान्याने अर्धा फेरा, जुना परत लावताना जेमतेम बारावा हिस्सा. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने न कळत जास्त आवळला जातो. गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्र्यांच्या मापाने) मोजाच, डब्यातून पडलेला प्लग असू शकतो. कॅप दाबून पक्की बसली की ओढून बघा.

आणि बिलावर पूर्ण नंबर लिहून घ्या, बीपासून १० पर्यंत, दुकानदार कंटाळला तरी.