गरोदरपणात मायट्रल झडप अरुंद असेल तर: गोळ्या, बलून की ऑपरेशन?

लहानपणीच्या संधिवाती तापाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप वर्षानुवर्षं आखडत जाते, आणि अनेकींना ते पहिल्यांदा कळतं ते दिवस गेल्यावर. गरोदरपणात रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, नाडीही वाढते. एरवी 4 ते 6 चौरस सेंटीमीटर असणारी झडपेची वाट दीडच्या खाली आली असेल, तर रक्त फुप्फुसांत तुंबतं. जिना चढताना दम लागतो, आडवं पडताच खोकला येतो. ‘अशा दिवसांत दम लागायचाच’ म्हणून घरचे हे सोडून देतात. कृपा करून सोडू नका, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

सुरुवात गोळ्यांनीच होते. मेटोप्रोलॉलने नाडी मंदावते, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये रक्ताला अरुंद झडपेतून उतरायला सवड मिळते. लघवीची गोळी फुप्फुसांतलं पाणी काढते. ती फार वाढवली तर मात्र बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. सोबत कमी मीठ, विश्रांती आणि हिमोग्लोबिनकडे लक्ष. कित्येकींचं बाळंतपण एवढ्यावर पार पडतं. झडप मात्र होती तेवढीच राहते.

गोळ्या वेळेवर घेऊनही रात्री उशांना टेकून बसावं लागत असेल, तर माझं मत बलूनच्या बाजूने आहे. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून पलीकडे काढतात आणि झडपेत बलून काही क्षण फुगवतात. चिकटलेल्या पाकळ्या सुटतात, दाब तिथल्या तिथे उतरतो. छाती उघडावी लागत नाही. शक्यतो 20 आठवड्यांनंतर करतात. एक्स-रेपासून बाळाला जपण्यासाठी शिशाचं आवरण वापरतात. कप्प्यात गुठळी असेल, झडप आधीच बरीच गळत असेल किंवा चुन्याने कडक झाली असेल, तर बलून चालत नाही. क्वचित बलूनने पाकळी फाटून गळती वाढते, म्हणून हार्ट सर्जरीची सोय असलेलंच रुग्णालय निवडा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

ओपन हार्ट ऑपरेशन सगळ्यात शेवटी. ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर आई बहुतेक वेळा तरते, बाळाचा धोका मात्र मोठा असतो. बाळ बाहेर जगण्याइतकं वाढलं असेल, तर आधी सिझेरियन आणि मग ऑपरेशन, असंही ठरवतात.

गोळ्यांना दाद मिळत नसताना ‘नववा लागू दे, मग बघू’ म्हणणं मला पटत नाही. प्रसूतीनंतर गर्भाशय आवळतं आणि तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस कडक देखरेख हवी, आणि रक्तस्राव थांबवायला देतात ते मेथर्जिनचं इंजेक्शन (त्याने रक्तदाब वाढतो) टाळायचं हे प्रसूतीच्या टीमला आधीच लेखी कळवलेलं हवं. संधिवाती ताप परत येऊ नये म्हणून दिलेलं दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिन चालू असेल तर ते गरोदरपणातही थांबवायचं नाही.