दोन रॅक जोडायचे आहेत : एओसी केबल घ्यावी की सुटे मॉड्यूल?

एकाच रॅकमधले (नेटवर्कच्या उपकरणांचं कपाट) दोन नेटवर्क स्विच सेकंदाला 10 गिगाबिट वेगाने जोडायचे असतील, तर 3 मीटरची तांब्याची डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग कायमचे लावलेली) घ्यावी आणि मोकळं व्हावं. प्रश्न पडतो तो तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर 15-20 मीटर जायचं असतं तेव्हा. एक पर्याय एओसीचा, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल (स्विचच्या पोर्टात बसणारे, विजेच्या संकेताचा प्रकाश करणारे भाग) कायमचे जोडलेली फायबर केबल. दुसरा, दोन सुटे एसएफपी प्लस मॉड्यूल आणि मध्ये एलसी पॅचकॉर्ड (छोट्या ‘एलसी’ टोकांची सुटी फायबर केबल). वेग दोन्हींचा सारखाच.

एओसीची जमेची बाजू मोठी आहे : तिचं फायबर कधी उघडंच पडत नाही. सांगलीत याला फार किंमत आहे. मार्केट यार्डाजवळच्या कार्यालयात हळदीची पूड बंद कपाटातही पोचते, आणि गळीत हंगामात कारखान्यालगतच्या इमारतींत काजळी असतेच. सिंगलमोड, म्हणजे प्रकाश एकाच वाटेने नेणाऱ्या, फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. डोळ्याला न दिसणारा एक कणही त्याला झाकायला पुरतो.

सुट्या मॉड्यूलमध्ये ही जोखीम प्रत्येक वेळी पॅचकॉर्ड काढताना येते. नव्या पाकिटातली, टोपी लावलेली पॅचकॉर्डही स्वच्छ समजू नये; टोपीच्या आतलीच घाण टोकाला चिकटते. 1.25 मिमीचा पेनसारखा क्लीनर कॉर्डच्या दोन्ही टोकांना आणि मॉड्यूलच्या दोन्ही छिद्रांत एकेकदा दाबायचा, मगच कॉर्ड बसवायची. तोंडाने फुंकर मारू नये, त्याने वाफ आणि थुंकीचे कण टोकावर बसतात. छिद्रात डोकावून तर मुळीच बघू नये. लेसर दिसत नाही, म्हणून तो बंद आहे असं नाही.

काढण्याघालण्यात मात्र पारडं फिरतं. सुटं मॉड्यूल काढताना आधी पोर्ट सॉफ्टवेअरमधून बंद करायचा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावायचा, एलसीची क्लिप दाबून कॉर्ड काढायची आणि दोन्हीकडे टोप्या लावायच्या. मग मॉड्यूलच्या तोंडाशी असलेली, खटका सोडवणारी तारेची कडी पूर्ण खाली पाडून मॉड्यूल सरळ ओढायचं. कॉर्ड असताना कडी नीट पडतच नाही, त्यामुळे क्रम चुकायची शक्यता कमी. अडकलं तर पक्कड नको : कडी मिटवून मॉड्यूल हलकेच आत दाबायचं, खटक्यावरचा ताण सुटतो, मग पुन्हा कडी पाडायची. बसवताना कडी मिटलेली हवी, मॉड्यूल कडेने धरायचं, मागच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लागू द्यायचं नाही. बऱ्याच दोन ओळींच्या स्विचमध्ये खालच्या ओळीत ते उलटं बसतं. जोर लावावा लागला तर दिशा तपासावी. ‘टक्’ आवाज आला की हलकेच ओढून खात्री करावी.

एओसीला कडीऐवजी ओढायची पट्टी असते. दाटीवाटीच्या पोर्टमध्ये ती खरंच सोयीची. पण केबल वेगळी करता येत नाही, तेव्हा घाईत पट्टीऐवजी केबलच ओढली जाते आणि मॉड्यूलच्या मानेशी फायबर दुखावतं.

माझा निर्णय ठरवणारी कटकट वेगळीच. एक टोक गेलं की अख्खी एओसी गेली. 13-14 मिमी रुंदीचं ते डोकं, आधीच चार केबल असलेल्या पाइपमधून, वळणांसकट पुन्हा ओढायचं, आणि तेही डोक्याला दोरी न बांधता. शिवाय कोणतं टोक गेलं हे पॉवर मीटर लावून बघता येत नाही. त्यात लांबी ठरलेली. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या कोणालाही रॅक वर हलवण्याचा विचार सुटलेला नाही. रॅक एक मजला चढला तर 15 मीटरची एओसी निरुपयोगी. सुट्या मॉड्यूलला फक्त लांब पॅचकॉर्ड लागते. दोन टोकांना दोन कंपन्यांचे स्विच असले तरी ज्याला जे चालतं ते मॉड्यूल लावता येतं.

रॅक हलणारच नसेल, केबल उघड्या ट्रेमधून जात असेल आणि धूळ अनावर असेल, तर एओसी घेणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. बाकी ठिकाणी माझा कल सुट्या मॉड्यूलकडेच राहील, त्यातही एलआर (10 किलोमीटरपर्यंतचं मॉड्यूल) आणि सिंगलमोड कॉर्डकडे, कारण घरोघर फायबर देणारे इथले तंत्रज्ञ सिंगलमोडच हाताळतात. कॉर्ड निळ्या टोकाची, म्हणजे यूपीसी (सरळ घासलेलं टोक) हवी. हिरव्या टोकाची (तिरकं घासलेलं) नको. स्वस्तात मिळालं म्हणून 40 किलोमीटरचं ईआर मॉड्यूल 20 मीटरवर थेट जोडू नये, अटेन्युएटरशिवाय (प्रकाश कमी करणारा तुकडा) समोरचा रिसीव्हर जळू शकतो. एलआरला ती भीती नाही.

जोडणी झाली की दोन्ही स्विचवर रिसीव्ह पॉवर, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद, बघावी. एलआरची संवेदनशीलतेची मर्यादा उणे 14.4 डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक), एवढ्या अंतरावर आकडा उणे 10 च्या खाली गेला, तर आधी मॉड्यूल न बदलता टोकं पुसावीत. पहिल्या दिवशीचे दोन्ही आकडे रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवावेत.