पांढरा १४ : डिकल घेताना मी कसा फसलो

वाटीत कोमट पाणी घेतलं, डिकलच्या शीटचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर उतरवायच्या छापील आकड्या-अक्षरांच्या कागदाचा) कापलेला तुकडा त्यात टाकला, तीस आकडे मोजले आणि चिमट्यानं डिकल मॉडेल विमानाच्या कुशीवर सरकवलं. पांढऱ्या रंगातला १४ हा आकडा लावायचा होता. कागदावर तो चांगला पांढराशुभ्र दिसत होता. विमानावर आला तेव्हा त्याची केसाएवढी करडी कडा तेवढी उरली, आणि आतून माझ्याच हातानं मारलेला राखाडी रंग दिसत होता. एखाद्या माणसाचा नुसता सदरा यावा आणि आत माणूस नसावा, तसं.

पहिल्यांदा वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पाणी जास्त गरम झालं असेल, शाई सुटली असेल. म्हणून लाल तारा लावून पाहिला. १९४३ च्या उत्तरार्धापासून सोव्हिएत विमानांवर जो तारा आला, त्यात लाल ताऱ्याभोवती पांढरा पट्टा आणि त्याबाहेर पुन्हा बारीक लाल रेघ असते. माझ्या विमानावर लाल तारा आला, बाहेरची रेघ आली, मधला पांढरा पट्टा मात्र आलाच नाही. शिवाय तो लाल रंग लाल राहिला नव्हता. खालचा राखाडी वर डोकावत होता आणि कातानं रंगल्यासारखा तपकिरी दिसत होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यात पांढरी शाई कधी नव्हतीच. जे पांढरं दिसत होतं, तो मागचा कागद होता.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण ज्यानं मला हे डिकल विकलं त्याच माणसाकडून (किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्याकडून) आणखी काही जण घ्यायच्या बेतात आहेत असं कानावर आलं आहे. नाव मी लिहिणार नाही. नाव त्यानं केव्हाच बदललं असेल, आणि त्याची पद्धत कळली तर नावाची गरजही नाही.

आधी मला ते डिकल एवढं का हवं होतं ते सांगतो, कारण फसण्याचं मूळ तिथेच आहे. वडील ओझरच्या एचएएलमध्ये होते. मिग-२१ तिथे बनत. रशियाहून येणाऱ्या खोक्यांवरची अक्षरं वाचायला त्यांनी मला लहानपणी शिकवलं. मराठी बाराखडीच्या जोडीनं मी रशियन मुळाक्षरं गिरवली आहेत. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत लढाऊ विमानांची मॉडेल्स करताना मला जर्मन विमानांपेक्षा जास्त मजा येते. त्यांच्यावर नुसते आकडे नसतात, अख्खी वाक्यं असतात. मिग-३ वर ‘मातृभूमीसाठी’, ला-५ वर ‘व्हालेरी च्कालोव्ह तुकडी’. ती ला-५ विमानं गोर्की भागातल्या लोकांच्या वर्गणीतून आलेली होती.

आणि कोझेदूबचं ते १४ नंबरचं ला-५ एफएन. इव्हान कोझेदूब, ६२ विमानं पाडणारा, तीन वेळा सोव्हिएत संघाचा वीर ठरलेला वैमानिक. त्याचं शेवटचं ला-७, नंबर २७, मॉस्कोजवळच्या मोनिनोच्या संग्रहालयात आजही उभं आहे. पण मला त्याआधीचं हवं होतं. वसीली व्हिक्तोरोविच कोनेव्ह नावाचा मधमाश्या पाळणारा एक शेतकरी होता, त्यानं आपल्या गाठीच्या पैशातून ते विमान दिलं आणि १९४४ च्या मे महिन्यात ते कोझेदूबकडे आलं. एका बाजूला लिहिलंय, शेतकरी वसीली व्हिक्तोरोविच कोनेव्ह यांच्याकडून. दुसऱ्या बाजूला, युद्धात मेलेल्या लेफ्टनंट कर्नल कोनेव्ह यांच्या नावे. एका म्हाताऱ्यानं मध विकून घेतलेलं विमान! त्याची अक्षरं १/४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या मॉडेलवर, हातानं रंगवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. डिकलच लागतं.

माझ्याकडचं किट जुनं. खोक्यातलं डिकल पिवळं पडलेलं, पाण्यात टाकल्याबरोबर त्याचे तुकडे झाले. पूर्वी असले शीट रशियातल्या विक्रेत्यांकडून थेट मागवता येत. मार्च २०२२ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅल यांनी तिथला व्यवहार थांबवला आणि तो रस्ता आपल्यासारख्यांना जवळजवळ बंद झाला. नेमक्या या अडचणीवर हे लोक दुकान मांडून बसले आहेत. ‘माझ्याकडे जुना स्टॉक आहे’ हे वाक्य ऐकलं की आपल्या तोंडाला पाणी सुटतं.

त्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. दान मिळालेल्या विमानांचं शीट. कोझेदूबचं १४ होतं, च्कालोव्ह तुकडीचं एक होतं, आणि मला न मागता मिळालेली मेजवानी म्हणजे गोलोवातीचं याक-१. फेरापोन्त गोलोवाती हाही मधमाश्या पाळणाराच. त्यानं १,००,००० रूबल देऊन साराटोव्हच्या कारखान्यातून याक-१ घेतलं आणि ते मेजर येर्योमिनला मिळालं. ‘स्तालिनग्राद आघाडीचे वैमानिक, गार्ड्स मेजर येर्योमिन यांना, स्तखानोव्हेत्स सामूहिक शेताचे शेतकरी कॉम्रेड गोलोवाती यांच्याकडून.’ हे सगळं विमानाच्या अंगावर लिहिलेलं.

मी फोटो मोठा करून करून पाहिला. अक्षर न् अक्षर तपासलं. व्याकरण बरोबर, विभक्ती बरोबर. फोटो अस्सल शीटचाच होता, त्यामुळे चूक सापडणार कुठून? अभ्यास आहे म्हणून मी खूश होतो, आणि जे बघायचं ते सोडून सगळं बघत होतो.

माणूस मराठी. बोलणं गोड. ‘दादा, तुम्ही जाणकार आहात, तुमच्यापासून काय लपवायचं’ असं म्हणाला. चार शीट घेतले तर सूट देतो म्हणाला. मी चार घेतले. ७,८०० रुपये. कार्ड चालेल का विचारलं तर म्हणाला, ‘दादा, छोटा धंदा, मशीन कुठून आणू? यूपीआयच करा.’ केलं. क्यूआर कोडवर दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. ‘बायकोचं खातं आहे’ म्हणाला. मी त्या बाईंचं नाव वाचून पैसे पाठवले आणि वर हात जोडलेला इमोजीही पाठवला. हे लिहिताना आत्ताही कान गरम होतात.

स्पीड पोस्टनं पाकीट आलं. आत पुठ्ठ्यात गुंडाळलेले चार शीट. कोपऱ्यावर छापणाऱ्या कंपनीचं नाव असतं ती पट्टी कापलेली होती. विचारलं तर म्हणाला, ‘पाकिटात बसत नव्हतं.’ हे मी मान्य केलं! पाकीट शीटपेक्षा दोन बोटं मोठं होतं.

विमानावर फजिती झाल्यावर मी भिंग काढलं. तेव्हा जे दिसलं ते विकत घेण्याआधी दिसायला हवं होतं. स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेल्या डिकलचा रंग भिंगाखाली सलग दिसतो, भिंतीवर मारल्यासारखा. माझ्या शीटवर लाल रंग म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होती. गुलाबी, पिवळे ठिपके शेजारी शेजारी. म्हणजे अस्सल शीट स्कॅन करून कलर लेझर प्रिंटरवर काढलेलं. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, मग ते घरातलं यंत्र असो की झेरॉक्सच्या दुकानातलं. आल्प्स कंपनीचे जुने प्रिंटर पांढरं काढत, पण ते बनायचे केव्हाच बंद झाले. पांढरे आकडे कागदावर दिसावेत म्हणून या पठ्ठ्यानं त्यांच्याभोवती करडी रेघ ओढली होती. तीच माझ्या विमानावर उतरली.

आणि गोलोवातीची ओळ. रशियनमध्ये ‘मेजर’ लिहिताना मधल्या अक्षरावर एक चिमुकली वाटी असते, थेट आपल्या ‘ऑफिस’मधल्या चंद्रासारखी. ती नसली तर अक्षरच बदलतं. फोटोत ती होती. माझ्या हातातल्या शीटवर स्कॅनमध्ये ती विरून गेली होती. ‘बॅट’वरचा चंद्र उडून ‘बट’ व्हावं तसं झालं होतं. वडील असते तर त्यांनी पहिलं तेच बोट ठेवून दाखवलं असतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही भिंगाशिवायही कळते. अस्सल शीटवर बहुधा प्रत्येक आकड्यापुरता वेगळा पारदर्शक पापुद्रा असतो. शीट तिरपं धरून दिव्याखाली फिरवलं की त्या पापुद्र्यांच्या कडा चमकतात, मधला कागद मंद राहतो. माझं सगळंच एकसारखं चमकत होतं, लॅमिनेशनसारखं. आणि पांढरे आकडे असलेल्या अस्सल शीटचा मागचा कागद बहुधा फिकट निळसर असतो, कारण पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं? माझा कागद दुधासारखा होता. या एका गोष्टीवर मी फोटोतच अडायला हवं होतं, असं म्हणणार होतो; पण फोटोतला कागद निळसर होता. फोटो वेगळा, माल वेगळा.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, तुमचं पाणी खारट असेल. मग म्हणाला, खाली आधी पांढरा रंग मारायचा असतो, तुम्हाला माहीत नाही का दादा? आता दादा जाणकार राहिले नव्हते. भिंगाखालचे फोटो पाठवले तेव्हा दोन निळ्या टिका आल्या आणि त्यानंतर त्याचा डीपी दिसेनासा झाला.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पण पैसे देऊन एकोणीस दिवस झाले होते. हा नंबर पहिल्या काही तासांत फिरवला तर रक्कम वाटेत अडवायला वाव असतो. मी शीट कपाटात ठेवून रंग वाळण्याची वाट पाहत बसलो होतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही, पण दावा कुणावर लावणार? माझ्याकडे एक पहिलं नाव, एक बंद झालेला नंबर आणि पाकिटावर ‘बस स्टँडजवळ’ एवढाच पत्ता.

आता कुणी विकणारा भेटला तर पैसे देण्याआधी मी त्याला एकच काम सांगतो. शीटशेजारी माझं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेव आणि दिव्याखाली तिरपं धरून व्हिडिओ काढ. हातात आल्यावर कोपऱ्यावरचं कंपनीचं नाव कापून आधी ते भिजवतो आणि काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून पाहतो. त्यात पांढरं अक्षर असेल तर उत्तम; विमानाला हात लागण्याआधीच निकाल लागतो. पैसे मालाच्या तपासणीनंतर, किंवा क्रेडिट कार्डानं. कार्ड घेत नसेल तर कोझेदूब राहिला.

माझं ला-५ एफएन कपाटात आहे. तारे मी मास्क (रंग मारायचा साचा) कापून एअरब्रशनं मारले, चौदाही मारला, बरा आलाय. कोनेव्ह आजोबांची ओळ मात्र अजून कोरी आहे.

गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका मित्रानं मला एक फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. तेच शीट, तीच निळसर छटा, डावीकडे कोपऱ्यात तीच अंगठ्याची सावली. मी त्याला म्हटलं, विकणाऱ्याला एवढंच विचार की पांढरं कशानं छापलंय. पाच मिनिटांत त्याच्याकडून उत्तर आलं : ‘दादा, पांढरं छापावं लागत नाही, आमचा कागदच पांढरा असतो.’