डोमेनला गिऱ्हाईक शोधताना : परदेशी बाजारपेठ वर्षभर वापरल्यानंतर

विकायला घेऊन ठेवलेल्या एका डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, रिन्यूअलचं (नोंदणी पुढे चालू ठेवायचं) बिल आलं, म्हणून हे लिहायला घेतलं. विकायचं नाव 'लातूर' आणि 'डाळ' जोडून झालेलं, डॉट इन. ते जिथे विकायला टाकलं त्या बाजारपेठेचं, म्हणजे डोमेन विकायच्या साइटचं, नाव घेत नाही, परदेशी आणि मोठी आहे एवढं पुरे.

एकच खोड, पण सगळ्यावर पाणी फिरवणारी : किंमत डॉलरमध्येच दिसते. लातूर एमआयडीसीतला डाळमिलवाला मोबाइलवर पान उघडतो, 399 डॉलर वाचतो, मनातल्या मनात गुणाकार करतो, त्यावर बँकेचा परदेशी चलनाचा आकार धरतो आणि पान बंद करतो. जो तरीही पुढे जातो, त्याचं कार्ड अडतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. यूपीआय नाही. सपोर्टचं उत्तर गोड आणि निरुपयोगी. चलन बदलत नाही म्हणे.

'ऑफर द्या' हा पर्याय त्याहून वाईट. किमान रक्कम रिकामी सोडली की रिन्यूअलही निघणार नाही असे आकडे येतात, तेही नावं घेऊन पुन्हा विकणाऱ्यांचे. किमान रक्कम भराच.

कमिशन ठिकाणानुसार आणि मार्गानुसार साधारण 10 ते 25 टक्के. फळं-भाजीपाल्याची आडत 2016 पासून खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, इथे मात्र ती अजून विकणाऱ्याच्याच माथी. नेमसर्व्हर (ते नाव उघडल्यावर कुठे जायचं ते सांगणारे सर्व्हर) त्यांच्याकडे वळवले तर काही ठिकाणी कमिशन कमी होतं. त्यातली मेख अशी की डीएनएस, म्हणजे त्या नावाचं पान आणि ईमेल कुठे जावं हे ठरवणं, तुमच्या हातून जातं. त्या नावावर ईमेल चालत नाही, स्वतःचं पान लावता येत नाही. आणि गिऱ्हाईक शोधायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

म्हणून नेमसर्व्हर परत आणले आणि एक साधं पान लावलं : नाव, रुपयांत किंमत, फोन, व्हॉट्सॲपची लिंक. रजिस्ट्रारच्या (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) फुकट फॉरवर्डिंगवर, म्हणजे ते नाव उघडणाऱ्याला दुसऱ्या पानावर नेण्याच्या सोयीवर, विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी ते एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) चालत नाही, आणि ब्राउझर असुरक्षित असल्याचा इशारा दाखवला की समोरचा घाबरून परत फिरतो. सुरक्षित जोडणीसाठी लागणारं एसएसएल प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते लावा.

सुरुवातीला मत होतं की बाजारपेठेवर नाव टाकणंच वाया. ते थोडं बदललं. फोनवर भाव सांगितला की इथल्या माणसाला पहिला संशय येतो, 'मला बघून वाढवला का?' बाजारपेठेतली जाहीर किंमत त्याला स्वतः बघता येते. तिथे कमिशन धरून थोडी चढी ठेवायची, आपल्या पानावर कमी. फक्त बाहेर सौदा ठरताच आधी यादीतून नाव काढा, नाहीतर एकच नाव दोघांना विकलं जायचं. शिवाय गिऱ्हाईक त्यांच्याच पानावरून आलं असेल तर बाहेर सौदा करायला अटी आड येतात, त्या आधी वाचा.

आता गिऱ्हाईक. ज्याच्याकडे वेबसाइटच नाही तो आपलं गिऱ्हाईक, हा समज सोडा. तो 'साइटपण करून द्या, त्याच पैशात' म्हणतो. जो वेबसाइटवर आधीच पैसे घालतो आणि ज्याच्या साइटचं नाव लांबलचक किंवा अडचणीचं आहे, तोच घेतो. यादी करताना आधी तेच नाव डॉट कॉम, डॉट को डॉट इन, डॉट ऑर्गमध्ये कोण चालवतं ते बघा. मग त्याच नावाला 'श्री', 'ॲग्रो', 'इंडिया' चिकटवून कोण बसलंय ते. मग गुगलवर त्या शब्दांना जाहिरात कोण देतं. जाहिरातदार कोण आणि त्याच्या सध्या कोणत्या जाहिराती चालू आहेत हे गुगलच्या ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटरवर दिसतं. जो त्या शब्दासाठी क्लिकमागे पैसे मोजतो, त्याला नावाची किंमत पटवावी लागत नाही. इंडियामार्टवरचे विक्रेते आणि कंपनी नोंदणीच्या यादीतली मिळतीजुळती नावं शेवटी.

सगळ्यात दुर्लक्षित वाट म्हणजे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरची वेबसाइट करणारी पोरं. गिऱ्हाईक त्यांच्यासमोर बसून 'चांगलं नाव सुचवा' म्हणतं. त्यांना दहा-पंधरा टक्के सांगून ठेवा. परदेशी कमिशनापेक्षा ते बरं.

वेळही बघा. नवी तूर जानेवारीच्या सुमारास येते, तेव्हा मिलवाला फोन उचलत नाही. दिवाळीच्या आधी, नव्या पिशव्यांची छपाई ठरायच्या सुमारास गाठा, कारण नाव पिशवीवर छापलं जाणार असतं. वसमतच्या हळदीचं नाव असेल तर आवक वाढायच्या आधी, लातूरच्या क्लासेसचं असेल तर निकालाच्या आधी.

ईमेल त्याच डोमेनवरून पाठवा, नाव तुमच्या ताब्यात आहे हे त्यातूनच दिसतं. मात्र एसपीएफ आणि डीकेआयएम (ईमेल खरंच त्या डोमेनवरून आल्याचं पटवणाऱ्या नोंदी) लावल्याशिवाय तो स्पॅममध्ये जातो, आणि एकच मजकूर पन्नास जणांना एकदम पाठवला तरी तेच. चार ओळी, रुपयांत किंमत, खाली फोन. उत्तर नाही आलं तर एकदा फोन, मग विषय सोडा.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. पत्र पाठवण्याआधी ट्रेडमार्क शोध करा. कुणाच्या ब्रँडशी जुळणारं नाव असेल आणि तुम्हीच त्याला किंमत सांगितली, तर ते पत्र आयएनडीआरपी (डॉट इन नावांचे वाद सोडवायची पद्धत) तक्रारीत बदहेतूचा पुरावा म्हणून तुमच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं, आणि नाव जाऊ शकतं. वसमत हळद, बीड सीताफळ, जालना मोसंबी यांना भौगोलिक मानांकन आहे, तिथेही जपून. छत्रपती संभाजीनगर या शहराच्या नव्या नावाची डोमेनं घेऊन ठेवलेल्यांनी फार आशा धरू नये. रोमनमध्ये ते चोवीस अक्षरांचं भरतं, आणि सुरुवातीला एच एक की दोन, इथेच टाइप करणारा अडखळतो.

डोमेनची किंमत सांगणाऱ्या स्वयंचलित मूल्यांकनाचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवू नका. रोमनमधल्या मराठी शब्दांपुढे ते यंत्र आंधळंच आहे.

सौदा ठरला की दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर खात्यातून खात्यात 'पुश' करा, बहुतेक ठिकाणी ते फुकट आणि लगेच होतं. रजिस्ट्रार बदलायचा तर आधी लॉक (नाव हलू नये म्हणून लावलेलं) काढा, मग ऑथ कोड (नाव हलवायचा गुप्त कोड) द्या. डॉट कॉम असेल तर नोंदणीनंतरचे पहिले 60 दिवस ते हलत नाही. रक्कम मोठी असेल तरच एस्क्रो (नाव मिळेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे ठेवणं), छोट्या सौद्यात त्याची फी टोचते. मिलवाला जीएसटीचं बिल मागतो. नोंदणी नसेल तर ते आधीच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी तो अठरा टक्क्यांची घासाघीस काढतो.

रिन्यूअल एकाच वर्षाचं केलंय. बाजारपेठेतली यादी तशीच ठेवली, नेमसर्व्हर मात्र परत दिले नाहीत. पाचपैकी दोन तारे, आणि तेही जाहीर किमतीच्या पाटीसाठी.